उत्तम शुक्रवारचा कोंबडा

बालीगंज, कलकत्ता
८ मार्च १९६८

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. उत्तराला उशीर झाला कारण मी आजारी होते, असं आधी लिहिलं होतं. पण आजारी मी एकच दिवस होते, आणि तेव्हाही नुसतं नाक वाहत होतं. म्हणून तो कागद फाडला आणि हा नवा घेतला. उशीर झाला तो एका कोंबड्यामुळे.

पहिल्यापासून सांगते. आमची इथली मंडळी लहान. बहुतेक बंगाली, चार घरं मद्रासी, आणि मराठी म्हणशील तर पपा आणि मी. चर्च म्हणजे एका जुन्या बंगल्याचा हॉल. वर क्रूस आणि दारात सावरीचं झाड. सध्या त्याला इतकी लाल फुलं आली आहेत की उपवासकाळात हे शोभतं का, असं मला रोज वाटतं. बिश्वास पाद्री म्हणतात, "झाडाला सांगून बघ."

दर वर्षी उत्तम शुक्रवारी, ईस्टरच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी नाटक असतं. शिष्य पेत्र 'ओळखत नाही' म्हणत प्रभूला तीनदा नाकारतो आणि कोंबडा आरवतो, हा त्यातला मुख्य प्रवेश. पेत्राचं काम श्यामसुंदरबाबू मंडल करतात. ते विमा कचेरीत आहेत, आणि नाटक बसवतातही तेच. गेल्या वर्षी पडद्याआडून एका गृहस्थांनी आरवून दाखवलं, तर लोक हसले. त्याच्या आधीच्या वर्षी खरा कोंबडा आणला होता, तो चर्चच्या आवारात ठेवला आणि नाटकाच्या पाच दिवस आधी, झावळ्यांच्या रविवारी, नाहीसा झाला. त्या दिवशी आवारात फार चांगला वास सुटला होता म्हणे.

यंदा पंचांच्या सभेत श्यामसुंदरबाबू उभे राहिले आणि म्हणाले, "कोंबडा भिंगारदिवेंच्या घरी ठेवायचा. त्यांच्या घरमालकाने घरात कोंबडं शिजवायला मनाई केली आहे. साऱ्या कलकत्त्यात कोंबड्याला याहून सुरक्षित जागा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पपांनी तर टाळी वाजवली.

घरमालक म्हणजे वरच्या मजल्यावरचे रघुनाथराव सहस्रबुद्धे. तीन पिढ्या इथे गेल्या, स्वतः निवृत्त वकील. मराठी माणूस म्हणून आम्हांला जागा दिली, पण अट घातली. त्यांचं मराठी शुद्ध आहे, फक्त बंगाल्यांसारखं ते पाणीही खातात आणि चहाही खातात. "ये शकुन, चहा खाऊन जा," म्हणतात. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. मला फार आवडतात. पपा म्हणतात, अट शिजवण्याची आहे, पाळण्याची नाही. हे बरोबर आहे का? मला ते बरोबर वाटतं, आणि वाटतं म्हणूनच शंका येते.

कोंबडा मागच्या अंगणात कोळशाच्या खोलीत, डालग्याखाली आहे. मी त्याला नाव देणार नव्हते, कारण ईस्टरच्या प्रीतिभोजनात त्याचा रस्सा व्हायचा आहे. पण डोक्यावर तांबडी पगडी आणि चालण्यात रुबाब, म्हणून पपा त्याला हवालदार म्हणू लागले.

आणखी एक. येत्या ईस्टरला मी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जाणार आहे. दृढीकरण होऊन, म्हणजे ती घ्यायची मुभा मिळून, दोन वर्षं झाली, पण दर वेळी आदल्या रात्री स्वतःला तपासायला बसले की काहीतरी निघतंच, आणि मी बाकावरच बसून राहते. बिश्वास पाद्री म्हणाले, "यंदा ये." मी हो म्हटलं आहे. आता मला फक्त पाच आठवडे नीट वागायचं आहे.

तुझी,
शकुन


अहमदनगर
१५ मार्च १९६८

चिरंजीव शकुनला आत्याचा आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की तुझ्या पपाने, विनूने, मधली पानं लिहिली आहेत.

तुझी आई गेल्यावर तुला मी माझ्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तुला स्तोत्रं पाठ होती, पाढे पाठ होते, आणि दुधावरची साय कोणी खाल्ली ते विचारायच्या आत सांगायची सवय होती. ती मीच खाल्ली असली तरी तू सांगायचीस की तुला खावीशी वाटली होती. तेव्हा वाटलं, पोर शहाणी निघेल. निघालीस ती जरा जास्तच.

पण या वेळी तुझी शंका रास्त आहे. विनूचं ऐकू नकोस. तो लहानपणी म्हणायचा की चिंचा तोडू नका असं सांगितलंय, पडलेल्या वेचू नका असं नाही. आणि मग झाड हलवायचा. वर जा आणि मालकांना सांग की असा असा कोंबडा आहे, इतके दिवस राहील. माणूस वकील आहे, समजेल. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी तुला सांगायला हवं का?

नाटकात पेत्र विमावाला, हे मला पटत नाही. पण तुमच्या मंडळीचा प्रश्न आहे.

इथे आत्ताच ऊन तापायला लागलं. कडुनिंब मोहरलाय. आमच्या महिला मंडळाने यंदा पहाटेच्या उपासनेला लाउडस्पीकर लावायचा ठरवलं आहे. मी विरोध केला, म्हणून पेटी वाजवायचं काम दुसरीला दिलंय. मला त्याचं काही नाही.

कोंबड्याला तांदूळ घालू नकोस, बाजरी घाल.

सरलाआत्या


बालीगंज
२३ मार्च १९६८

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र काल आलं. ते सोमवारी आलं असतं तर बरं झालं असतं, पण यात तुझा दोष नाही, टपालाचाही नाही.

सोमवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. रघुनाथराव वरच्या गॅलरीत आले. म्हणाले, "शकुन, पहाटे कोंबडा ऐकलास?"

मी म्हटलं, "कोंबडा? कुठला कोंबडा?"

मी स्वतःला सांगितलं की हा प्रश्न आहे, आणि प्रश्न खोटा असू शकत नाही. दिवसभर हेच सांगत राहिले. संध्याकाळी पटेनासं झालं.

बुधवारी त्यांनी पुन्हा बोलावलं. खुर्चीत पुढे वाकून बसले होते. "तुमच्याकडे तर नाही ना कोंबडा? आपला विचारतो."

मी म्हटलं, "आमच्याकडे? छे, नाही."

आत्या, 'छे' कशाला म्हटलं? नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर खोटं निदान आखूड तरी झालं असतं.

मी पपांकडे गेले. पपा म्हणाले, "तू खरं सांगितलंस. तो आपला नाही, मंडळीचा आहे." श्यामसुंदरबाबूंकडे गेले. ते घाबरले. म्हणाले, "दिदी, उत्तम शुक्रवारपर्यंत थांबा. कोंबडा आता तयार झालाय." खरंच झालाय. रोज संध्याकाळी तालीम असते. हवालदारला झाकून नेतात, पेत्र तिसऱ्यांदा नाकारतो, मी डालगं उचलते, पेट्रोमॅक्सचा उजेड डोळ्यांवर पडतो आणि तो आरवतो. एकदाही चुकलेला नाही. पेत्रच अधूनमधून चुकतो, म्हणून पडद्याआडून त्याची वाक्यं सांगायचं कामही माझ्याकडे आहे. "मी त्या माणसाला ओळखत नाही" हे वाक्य मी आता झोपेतसुद्धा म्हणू शकते.

म्हणजे सांगितलं तर मंडळीचं नाटक जातं, आणि बहुधा आमची जागाही. नाही सांगितलं तर माझं जे व्हायचं ते होतं. सध्या मी इतकंच केलं आहे की डालग्यावर पपांचा हिवाळ्यातला काळा कोट टाकला आहे, म्हणजे पहाटे आवाज कमी येईल.

बाजरी मिळाली. त्याला आवडते.

शकुन


अहमदनगर
२९ मार्च १९६८

शकुन,

कोट टाकून काय होणार? तू कोंबड्याला गप्प करते आहेस की स्वतःला?

तू नाटकात पडद्याआड बसून पेत्राला नाकारायची वाक्यं शिकवतेस आणि पडद्याबाहेर येऊन तीच आपण म्हणतेस. त्या विमावाल्याला काढा आणि तुलाच उभी करा. दाढी लावली की झालं.

आता ऐक. दोनदा झालं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत वर जा. कपाळावर आठ्या पडतील, चार शब्द ऐकशील. जागा गेली तर दुसरी मिळेल. विनूला म्हणावं, माझ्याकडे या, नगरात घरं पडून आहेत. तो येणार नाही, पण म्हणावं.

आणि तुझ्या पपाला विचार, उपवासकाळात चहा सोडलाय तो अजून सुटलेला आहे का. मला लिहितो की थेंबही घेतला नाही. त्याचं हे पहिलंच वर्ष आहे निभावायचं. मी इथे महिला मंडळात त्याचं उदाहरण दिलं.

लाउडस्पीकर आला. लावून पाहिला, तर त्यातून पुण्याचं आकाशवाणी केंद्र लागलं. मी हसले नाही. बाकीच्या म्हणतात, हसले.

आत्या


बालीगंज
४ एप्रिल १९६८

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज आलं. तिसऱ्यांदा परवाच झालं.

हे पत्र मला नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहिते.

पाडव्याला मंदाकिनीबाईंनी, म्हणजे रघुनाथरावांच्या पत्नीने, श्रीखंड खाली पाठवलं. मी माझी वाटी पपांपुढे सरकवली. पपांनी दोन्ही वाट्या खाल्ल्या. वाटी परत द्यायला वर गेले, तर मंदाकिनीबाई आत गुढी उतरवत होत्या आणि रघुनाथराव एकटेच होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बस. हिला सांगू नकोस. मला अजून कोंबडा ऐकू येतो."

मी बसले.

म्हणाले, "रोज पहाटे. जवळ नाही आणि लांबही नाही. डोक्यात रजई भरून तिच्या आत आरवावा, तसा. शेजारी विचारलं, गड्याला विचारलं, तुला दोनदा विचारलं. कोणाकडेच कोंबडा नाही." मग गॅलरीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या वडिलांना शेवटी तंबोरा ऐकू यायचा. सुरुवात अशीच झाली. नंतर ते आम्हांला ओळखेनासे झाले."

आत्या, तो आवाज रजईतून येत नव्हता. पपांच्या कोटातून येत होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. इतक्यात मंदाकिनीबाई बाहेर आल्या आणि ते ताठ बसून पावसाबद्दल बोलू लागले. पाऊस नव्हताच.

परवा त्यांचे जावई आले. ते डॉक्टर आहेत, कानाचे. मंदाकिनीबाई बाहेर गेल्या होत्या तेव्हा मला वर बोलावणं आलं. जावयांनी विचारलं, "तुम्ही खालीच राहता. या घरात किंवा आसपास एखादा कोंबडा आहे का? नीट आठवून सांगा, कारण नसेल तर मला यांच्या डोक्याच्या तपासण्या कराव्या लागतील." रघुनाथराव माझ्याकडे बघत होते. मी सांगणार होते. देवाशपथ, म्हणजे शपथ घेऊ नये, पण सांगणार होते. मी तोंड उघडलं आणि नुकतीच तालमीतून आलेली होते, आणि तोंडातून आलं, "मी त्याला ओळखत नाही."

डॉक्टर म्हणाले, "कोणाला?"

मी म्हटलं, "कोंबड्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडेही जरा निरखून पाहिलं. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि रघुनाथरावांनी डोळे मिटून घेतले.

पेत्राचा कोंबडा निदान आरवला, आत्या. त्याला कळलं आणि बाहेर जाऊन रडता आलं. माझा आरवला नाही. मी त्याला कोटाखाली ठेवलं होतं.

तपासण्या ईस्टरनंतरच्या आठवड्यात आहेत. मी बिश्वास पाद्रींना सांगितलं की यंदाही मी प्रभुभोजनाला येत नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, एका कोंबड्याचं आहे. ते म्हणाले, "रश्शाचं ना? तो नंतर आहे, आधी उपासना."

पपांचा चहा सुटलेला आहे असं ते म्हणतात.

शकुन


तार
८ एप्रिल १९६८
भिंगारदिवे बालीगंज कलकत्ता
टेल ट्रुथ टुडे
सरला


अहमदनगर
८ एप्रिल १९६८
(पोस्टकार्ड)

शकू बाळ,

पत्र हाती पडलं तशीच पोस्टात गेले. मला मोठी तार करायची होती, पण पोस्टमास्तर म्हणाले, बाई, उपदेश तारेने पाठवू नका, महाग पडतो. तीन शब्दांत बसवून दिलं त्यांनीच.

मी तुला रागावून लिहिलं ते तुझ्यासाठी लिहिलं होतं. तो म्हातारा आपल्या वडिलांसारखं होण्याची वाट बघत बसलाय, हे मला ठाऊक नव्हतं. आता तुझं प्रभुभोजनाच्या मेजापाशी जाण्या-न जाण्याचं बाजूला ठेव. आधी त्याला त्याचे कान परत दे.

आत्या


बालीगंज
१५ एप्रिल १९६८

प्रिय आत्या,

सलाम, आणि ईस्टरच्या शुभेच्छा. एक दिवस उशिरा देते आहे.

तुझी तार मंगळवारी संध्याकाळी आली. पाकिटावर नुसतं 'भिंगारदिवे' होतं, म्हणून पपांनी उघडली. वाचली आणि खुर्चीत बसले. मी विचारलं, "कोण गेलं?" कारण तार आली की मी तेच विचारते. पपा म्हणाले, "कोणी नाही. सरलाला कळलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शकू, मी कचेरीत रोज चहा पितो. दोनदा. शुक्रवारी तीनदा. तिला नगरात बसून कसं कळलं देव जाणे."

तार माझ्यासाठी होती हे मी त्यांना लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं, पण थोड्या वेळाने. कारण आत्या, त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता! उठून स्वयंपाकघरात गेले, उघडपणे आधण ठेवलं आणि शीळ घालू लागले. म्हणाले, "पाच आठवडे लपूनछपून प्यालो, एकदाही चव लागली नाही." मी बघत उभी राहिले. मग तशीच जिना चढले. चप्पलही घातली नव्हती.

रघुनाथराव आणि मंदाकिनीबाई जेवत होते. मी उंबऱ्यातच म्हटलं, "कोंबडा आहे. आमच्या कोळशाच्या खोलीत आहे. चर्चच्या नाटकासाठी आहे. आठ मार्चच्या आधीपासून आहे. मी तीनदा खोटं बोलले."

रघुनाथराव आमटीची वाटी हातात धरून तसेच राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"आहे? खरोखरचा? पिसांचा?"

"हो."

आत्या, ते उठले आणि जिना उतरले. खरकट्या हाताने, कठड्याला कोपर लावून, एकेक पायरी. गेल्या दिवाळीपासून ते खाली आलेले नाहीत. मी मागे, मंदाकिनीबाई कंदील घेऊन माझ्या मागे. कोळशाच्या खोलीत मी कोट काढला, डालगं उचललं. हवालदार उजेडात उभा राहिला, पंख झटकले आणि आरवला.

रघुनाथरावांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "हाच," म्हणाले. "शेवटचा सूर खाली सोडतो. हाच तो." आणि डाव्या हाताने डोळे पुसले. मग मंदाकिनीबाईंकडे वळून ओरडले, "ऐकलंस? माझे कान शाबूत आहेत! डोकं शाबूत आहे!"

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"कोंबडा आहे ते. गडी कोळसा काढायला रोज इथे येतो. त्यानेच सांगितलं, आणि तुम्हांला सांगू नको असं मीच त्याला बजावलं. शिळी पोळी मीच पाठवते त्याच्यासाठी."

"आणि मला बोलली नाहीस?"

त्या थोड्या लाजल्या. "कोंबडा कसला, असं मी म्हटल्यावर चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, 'कदाचित माझीच चूक असेल.' म्हटलं दोन दिवस ऐकावं. मग सवय लागली." आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "तुम्ही घाबरला होतात, हे मला बोलला का नाहीत पण?"

रघुनाथरावांनी कंदिलाच्या उजेडात माझ्याकडे बघितलं. आनंद ओसरत होता आणि त्याखालचं दुसरं वर येत होतं. म्हणाले, "मी तुला तीनदा विचारलं, शकुन. वडिलांचं तर फक्त तुला सांगितलं."

मी म्हटलं, "हो."

ते जिना चढून गेले. उतरण्यापेक्षा चढायला त्यांना जास्त वेळ लागला.

बुधवार गेला, गुरुवार गेला, वरून निरोप नाही. पपा नव्या जागेची चौकशी करायला बजबज गावी, तेलाच्या डेपोकडे, जाऊन आले. म्हणाले, हवा चांगली आहे, पण सगळं घर तेलाच्या वासाने भरलेलं. कोट मी पेटीत ठेवून दिला होता, त्यामुळे हवालदार दोन्ही दिवस पहाटे मनसोक्त ओरडला. वरून कोणी काही म्हटलं नाही.

शुक्रवारी हॉल भरला होता. मी पडद्याआड, डालग्यावर हात ठेवून. श्यामसुंदरबाबूंचं काम इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मी त्या माणसाला ओळखत नाही!" आणि मी डालगं उचललं. उजेड पडला. हवालदार उभा राहिला, लोकांकडे पाहिलं आणि खाली बसला.

मी त्याला बोटाने ढोसलं. तो सरकून बसला.

श्यामसुंदरबाबूंनी माझ्याकडे तिरका डोळा केला आणि पुन्हा म्हणाले, "ओळखत नाही म्हणतो ना!" काही नाही. "कितीदा सांगू, ओळखत नाही!" त्यांना घाम फुटला. पेत्राला हटकणारी दासी झालेल्या मुलीलाही आणखी विचारायचं काही उरलं नव्हतं, ती उगीच म्हणाली, "नक्की?" शास्त्रात पेत्र तीनदा नाकारतो, आत्या. आमच्या मंडळीत तो सहा वेळा नाकारून झाला होता आणि पुढच्या रांगेतली मुलं बोटांवर मोजायला लागली होती.

आणि मागच्या बाकावरून कोंबडा आरवला.

लांब, तीव्र, आणि शेवटचा सूर खाली सोडलेला. इतका हुबेहूब की हवालदारने मान वळवून पाहिलं. मीही पडद्याच्या फटीतून पाहिलं. शेवटच्या बाकावर रघुनाथराव काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, शेजारी मंदाकिनीबाई. काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने समोर बघत होते.

कोणी हसलं नाही. श्यामसुंदरबाबू गुडघ्यांवर बसले आणि खरोखर रडले. सुटका झाली म्हणून रडले असं ते नंतर म्हणाले, पण लोकांना ते कुठे माहीत होतं? बिश्वास पाद्रींनी चष्मा पुसला. मी पडद्याआड होते म्हणून बरं झालं.

नंतर आवारात श्यामसुंदरबाबू हवालदारला पायांना धरून म्हणाले, "रविवारी नाही, आजच कापतो याला!" रघुनाथराव पुढे झाले. म्हणाले, "थांबा. हा कोंबडा पुरावा आहे. परवा माझे डॉक्टर जावई येणार आहेत, त्यांच्यापुढे हा हजर करायचा आहे. पुराव्याला हात लावता येत नाही." बाबू म्हणाले, "पण मोशाय, प्रीतिभोजन?" रघुनाथराव म्हणाले, "श्रीखंड मी पाठवतो." असा हवालदार टॅक्सीतून वरच्या गच्चीवर गेला. टॅक्सीत मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. रघुनाथराव पुढे बसले होते. वळून न बघता म्हणाले, "मी अजून तुझ्याशी बोलत नाही हं."

मी म्हटलं, "बरं."

"आठवडाभर तरी बोलणार नाही."

"बरं."

"उद्या वर ये. चहा खा. बोलणार नाही, पण चहा खा."

शनिवारी गेले. ते खरंच बोलले नाहीत. मी दोन कप घेतले.

शनिवारी रात्री मी नेहमीसारखी स्वतःला तपासायला बसणार होते. उशीला टेकून सुरुवात केली, आणि आत्या, पहिल्या पापापर्यंत पोहोचायच्या आत मला झोप लागली. कित्येक आठवड्यांनी अशी झोप. पहाटे हवालदार गच्चीवरून ओरडून ओरडून दमला म्हणे. मला ऐकूच आलं नाही. पपा पहाटेच्या उपासनेला पुढे गेले होते. मी येणार नाही असं पाद्रींना सांगितलेलं, म्हणून त्यांनी उठवलं नाही.

जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. का उठले, कशाला धावले, मला सांगता येणार नाही. विचार केला असता तर गेले नसते. केस तसेच, पातळ कालचं. पोहोचले तर गाणं संपत आलेलं आणि सगळे प्रभुभोजन घेऊन बाकांवर परतलेले. बिश्वास पाद्री मेजाकडे वळत होते. दारात मला पाहून ते थांबले.

योग्य आहे की नाही, हे ठरवायला वेळच नव्हता. तेवढ्यात मी पुढे जाऊन गुडघे टेकलेही होते, धाप लागली होती, आणि सावरीचं एक फूल केसांत अडकलं होतं ते नंतर कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. मी हात पुढे केले.

तुझी,
शकुन